शंकासमाधान : रडणारं मूल आणि रविवारची मिस्सा

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. प्रवचन सुरू झालं की धाकटा हमखास रडतो, थोरली बाकाखाली शिरते. मागच्या रविवारी पुढच्या बाकावरच्या आजींनी सुनावलं, ‘सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?’ उरलेली मिस्सा मी व्हरांड्यात उभं राहून ऐकली. ती धरली जाईल का? की मुलं मोठी होईपर्यंत घरीच थांबू?
– एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : धरली जाईल, निश्चिंत राहा.

नियमाचं सांगायचं तर सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना रविवारच्या मिस्सेचं बंधन नाही. तान्ह्या बाळाची देखभाल हे पालकांना सूट मिळण्याचं रास्त कारण आहे, असं कॅथॉलिक श्रद्धाग्रंथातच (कलम २१८१) म्हटलं आहे. बाळ तापलं असेल, रात्रभर जागरण झालं असेल, तर घरी राहण्यात पाप नाही. पण ही सूट अडचणीपुरती. कुणाच्या बोलण्याला भिऊन घ्यायची नव्हे.

स्नानसंस्कार झाला त्या दिवशी तुमचा मुलगा या धर्मग्रामाचा झाला, तो इथे पाहुणा नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. बाळांना आणणाऱ्यांना दटावलं ते परूश्यांनी नव्हे, शिष्यांनी; बहुधा चांगल्याच हेतूने. येशू रागावला तो त्यांच्यावर. योएल संदेष्ट्यानेही उपवासाच्या सभेला अंगावर पिणारी बाळंसुद्धा आणायला सांगितलं. तिथे शांतता राहिली असेल असं मला तरी वाटत नाही! २०१७ च्या जानेवारीत सिस्टाइन चॅपेलमध्ये स्नानसंस्कार करताना पोप फ्रान्सिस यांनी आयांना सांगितलं, बाळ भुकेलं असेल तर इथेच निःसंकोच पाजा. पोपची निवड होते ती ही जागा.

आता मागचा बाक सोडा. तिथून मुलीला नुसत्या पाठी दिसतात. पुढे, कडेच्या बाकावर बसा. फादर भाकर उंचावतात, घंटी वाजते, ते तिला दिसू द्या, कानात हळूच सांगा. धाकट्याने सूर लावला तर बाहेर जा, पण शांत झाला की परत या. बऱ्याच जणी बाहेर गेल्या की बाहेरच राहतात. वेफर्सचं पाकीट मात्र घरी ठेवा. त्याची कुरकुर रडण्याहून वाईट. आणि हो, पत्रात मुलांच्या वडिलांचा उल्लेख नाही. ते फाटकापाशी मित्रांबरोबर उभे राहत असतील, तर धाकट्याला त्यांच्या कडेवर द्या.

प्रश्न : मुलांच्या गोंगाटात प्रवचन ऐकू येत नाही. कान आधीच मंद. फादरांकडे तक्रार करणं चूक आहे का?
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : स्पीकरची तक्रार जरूर करा, मुलांची नको. मुलांच्या मिस्सेविषयी रोमने १९७३ साली मार्गदर्शिका काढली. अगदी लहानांना मिस्सेच्या वेळी वेगळ्या जागी सांभाळून शेवटच्या आशीर्वादाला आत आणावं, अशी सोय तीत सुचवली आहे. तुमच्याकडे ती नसेल तर सुरू करण्यासाठी फादरांना भेटा. शिवाय येत्या रविवारी आपल्या बाकावर एका लेकुरवाळीसाठी जागा धरून ठेवा.