आजचे काम, उद्याची चिंता

गोव्यातील खाणी २०१२ साली थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. डिचोलीत ट्रक दारात उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा घरी जाऊन "आजच्यापुरते जगा" असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

तरतूद व चिंता या भिन्न गोष्टी आहेत. हप्त्याला मुदत मागणे, दुसरे काम शोधणे ही आजची कामे होत. ती आजच करावीत. मग रात्रभर जागून तोच हिशेब मांडल्याने एक पैही फिटत नाही. उलट समोरची मुले दिसेनाशी होतात. उद्याची चिंता करू नये असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले, ते आळसासाठी नव्हे. शेजाऱ्याचा भार उचलणे हेही आजचेच काम आहे, आणि ते आपले आहे.