पूररेषा आणि समुद्राची दशके

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे देशाच्या ८७ सेंटिमीटर या मोसमी सरासरीच्या जवळजवळ चौपट. त्यामुळे एल निनोची बातमी आली की मराठवाड्याच्या पोटात जो गोळा उठतो, तो कोकणात सहसा उठत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटाच्या अलीकडेच रिते होतात, आणि हा क्रम दुष्काळी वर्षांतही थांबत नाही. यावरून दूरच्या महासागरांच्या तापमानाशी कोकणाला फारसे कर्तव्य नाही, असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे, कारण समुद्राचे दीर्घ चढउतार येथे पावसाच्या बेरजेपेक्षा त्याच्या वाटणीत उमटतात आणि ज्या सरासरीवर धरणे, पूल व पूररेषा बेतल्या जातात तिचा पायाच हलता ठेवतात.

विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापणे, म्हणजे एल निनो. तापलेल्या पाण्यावर हवा वर चढते, तिची भरपाई म्हणून भारतीय उपखंडावर ती खाली बसते आणि ढगांची वाढ खुंटते. दोन ते सात वर्षांच्या अंतराने येणाऱ्या या फेऱ्याची दाबाच्या नोंदींतील बाजू गिल्बर्ट वॉकर यांनी ओळखली; १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. मात्र हे नाते सरळ नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळांपैकी एक असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, तर २००२ च्या मध्यम एल निनोत तो सरासरीच्या ८१ टक्क्यांवर घसरला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे नाते सैल होत असल्याचे दाखवले आणि २००६ मध्ये त्याचे एक कारणही पुढे ठेवले : उबदार पाणी प्रशांताच्या मध्यभागी साचले तर भारताला फटका बसण्याचा संभव अधिक, पूर्वेकडे साचले तर कमी.

एल निनोच्या मागे त्याहून संथ हालचाली असतात. उत्तर प्रशांताचे तापमान वीस-तीस वर्षे एका बाजूला कलते आणि मग दुसऱ्या बाजूला. या पॅसिफिक दशकीय दोलनाने १९७६-७७ च्या सुमारास अशी कूस बदलली होती. त्याची उष्ण अवस्था आणि एल निनो एकत्र आले की भारतातील तूट वाढते, हे आर. कृष्णन आणि मासातो सुगी यांनी २००३ मध्ये मांडले. उत्तर अटलांटिकचा झोका याहूनही लांब, साधारण साठ ते ऐंशी वर्षांचा असतो, आणि तो समुद्र उबदार असताना युरेशियावरील हवा तापून मोसमी पाऊस बळावतो, असे भू. ना. गोस्वामी व सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासाचे प्रतिपादन आहे.

भारतीय हवामान विभागाने २०२२ मध्ये देशाची मोसमी सरासरी ८८ वरून ८७ सेंटिमीटरवर आणली, तेव्हा या घसरणीचे कारण म्हणून पावसाच्या कोरड्या आणि ओल्या कालखंडांचाच दाखला दिला. त्या मांडणीनुसार १९२१ ते १९७० हा काळ ओला होता आणि १९७१ पासून कोरडा सुरू झाला. म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवर काढलेली नवी सरासरी मुख्यतः एकाच कालखंडाची आहे.

देशाच्या सरासरीमागे कोकण निमूटपणे जात नाही, हे खरे. सुकलेल्या देशातही येथे पूर येऊ शकतो. तरीही एकाच कालखंडावर सरासरी बेतण्याच्या अडचणीची स्थानिक बाजू चिपळूणमध्ये दिसते. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी वाशिष्ठी नदीने शहर बुडवले. दुसऱ्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, पण वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणीही येते, त्यामुळे पुराचे सगळे खापर आभाळावर फोडता येत नाही. नंतर निळ्या आणि लाल पूररेषांवरून वाद पेटला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते; बांधकामाला कोठे मनाई आणि कोठे अटी, हे त्यावरून ठरते. व्यापाऱ्यांचे आक्षेप बाजारपेठेच्या भवितव्याबद्दलचे होते आणि ते समजण्यासारखे आहेत. पण अधिक मूलभूत आक्षेप गणिताबद्दलचा आहे, जो फारसा कोणी घेतला नाही. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ही संभाव्यता काढताना मागचा काळ पुढच्यासारखाच असेल असे धरावे लागते, आणि समुद्राची एक अवस्थाच वीस-तीस वर्षे टिकत असेल, तर तीन-चार दशकांच्या नोंदींत असे फार तर एक-दोन कालखंड सामावतात.

त्यात हिंदी महासागर स्वतःच तापत आहे. १९५१ पासून त्याच्या उष्ण कटिबंधातील पृष्ठभागाचे तापमान सुमारे एका अंशाने वाढले, आणि ही वाढ झोक्यासारखी परतणारी नाही. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवल्याप्रमाणे १९५० नंतर मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे उसळणारे प्रवाह आहेत. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा फार तापला होता, ज्याला धन द्विध्रुव म्हणतात. त्या वर्षी देशात जून ३३ टक्के तुटीत गेला, तरी हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला, परतीचा पाऊस ९ ऑक्टोबरपर्यंत सुरूच झाला नाही, आणि महिनाअखेर ‘क्यार’ वादळाने कोकण किनाऱ्यावरील मासेमारी ठप्प केली. हापूसला मोहोर येण्यासाठी पावसानंतरचा कोरडा ताण लागतो, म्हणून लांबलेल्या ओलाव्याची किंमत बागायतदार पुढच्या उन्हाळ्यात मोजतो. बेरजेच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

म्हणून वाशिष्ठीच्या किंवा जगबुडीच्या खोऱ्यात यापुढे रेषा आखताना सर्व उपलब्ध नोंदी एकत्र घोटून एक आकडा काढण्यापेक्षा, त्या समुद्राच्या कोणत्या अवस्थेत घेतल्या हे आधी तपासावे, आणि रेषेसोबत ती बदलण्याची मुदतही छापावी. हवामान विभागाची अपेक्षा अशी आहे की २०३१ ते २०४० हे दशक ओल्या कालखंडाचे असेल. ती खरी ठरली, तर कोरड्या दशकांच्या पायावर काढलेल्या रेषांची पहिली परीक्षा त्याच दशकात होईल, आणि तोपर्यंत त्या रेषांच्या भरवशावर नवी घरे उभी राहिलेली असतील.