दंड कशाचा: कृतीचा की हेतूचा?

व्यवसायातले उत्पन्न विवरणपत्रात दाखवले नाही असे आढळले, की करदात्याकडून राहिलेला कर, त्यावरचे व्याज आणि दंड वसूल होऊ शकतो. कर आणि व्याजाला त्याच्या मनाशी कर्तव्य नसते. सरकारचे देणे होते आणि ते वेळेवर आले नाही, एवढे पुरते. दंड मात्र माणसाला दोषी ठरवतो. म्हणून दोष कृतीत असतो की हेतूत, हा जुना धर्मप्रश्न दंडाविरुद्धच्या अपिलात पुन्हा उभा राहतो.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा नेमकी याच प्रश्नाची आहे. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मौनव्रतामुळे ऋषींनी राजाच्या शिपायांना उत्तर दिले नाही. माल सापडला आणि त्यांना सुळावर चढवले गेले. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला, तेव्हा बालपणी किड्यांना काडी टोचल्याचे हे फळ असल्याचे समजले. न कळत्या वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा त्यांनी मान्य केली नाही. त्यांनी धर्मालाच शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याला पाप लागणार नाही, अशी मर्यादा घातली. गप्प राहणे म्हणजे गुन्हा नव्हे आणि जाणिवेविना पाप नव्हे, असे दोन्ही अर्थ या कथेतून निघतात.

1961 च्या प्राप्तिकर कायद्यानुसार ज्या पैशाचा समाधानकारक खुलासा होत नसे, तो उत्पन्न धरता येत असे. कर आकारायला हे ठीक आहे. पण खुलासा पटला नाही म्हणून लबाडी सिद्ध होते का? 1969 मध्ये हिंदुस्थान स्टीलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जाणूनबुजून कायदा मोडला नसेल किंवा वर्तन अप्रामाणिक नसेल तर सहसा दंड लावू नये. 2008 मध्ये धर्मेंद्र टेक्स्टाइलच्या निकालाने उलट दिशा घेतली: असा दंड दिवाणी दायित्वाचा भाग असून त्यासाठी हेतू सिद्ध करणे आवश्यक नाही. तरीही 2010 मध्ये रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सच्या खटल्यात न्यायालयाने बजावले, की वजावटीचा दावा फेटाळला गेला एवढ्यावरून चुकीची माहिती दिली असे होत नाही.

प्राप्तिकर कायद्यात नंतर आलेल्या कलम 270अ ने दोषाच्या दोन पायऱ्या केल्या. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या 50 टक्के, आणि वस्तुस्थिती दडवल्यास किंवा वहीत खोटी नोंद केल्यास 200 टक्के दंड. सर्व तथ्ये उघड करून प्रामाणिक खुलासा दिला असेल, तर ती रक्कम कमी दाखवलेले उत्पन्न धरली जात नसे. हेतू हा शब्द न वापरताही कायद्याने त्याची दखल घेतली, हे योग्यच झाले. खटकते ते कलम 270अअ. पहिल्या पायरीच्या करदात्याला कर व व्याज भरून दंडातून सूट मागता येत असे, पण करनिर्धारणाविरुद्ध अपील न करण्याच्या अटीवर. पश्चात्तापाला सवलत असावी. आपण निर्दोष आहोत असे मानणाऱ्याला मात्र या अटीत न्याय मागणे महाग पडते.

अपिलात आणखी एक गोष्ट तपासली जाते: आरोप नेमका काय होता? जुन्या कलम 271 खाली उत्पन्न लपवणे आणि चुकीचा तपशील देणे हे वेगळे आरोप होते. नोटिशीत गैरलागू पर्याय खोडला नसेल तर दंड टिकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील पूर्णपीठाने 2021 मध्ये ठरवले. याला तांत्रिक पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे. आरोपच ठाऊक नसलेल्या माणसाला खुलासा देता येत नाही, आणि खुलासा ऐकल्याशिवाय त्याच्या हेतूचा निवाडा करण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही.