कागदी रणगाडा

१९५७ सालीं पोलंडांत ‘मावी मोदेलाश’ हें मासिक निघालें. त्यांतील छापील तक्ते कापून व चिकटवून मुलें विमानें, जहाजें, रणगाडे घडवूं लागलीं. ज्या देशाला रणगाड्यांनीं तुडविलें त्यानेंच हा खेळ खेळावा, हें वाचकांस विपरीत वाटेल. आम्हांस खेळांत दोष दिसत नाहीं. प्रश्न प्रमाणाचा आहे. पंचविसास एक या प्रमाणानें १९४१ सालच्या टी-३४ रणगाड्याचें ४५ मिलिमीटर पोलादी चिलखत १.८ मिलिमीटर पुठ्ठ्यांत उतरतें. आंतील चौघांचें भय मात्र कोणत्याच प्रमाणांत उतरत नाहीं. म्हणून ज्या हातानें साखळीपट्ट्याची एकेक कडी मोजून कापली, त्यानें त्या चौघांचीही गणती ठेवावी. यंत्रापुरता अचूकपणा हा अर्धाच अचूकपणा होय.