हसणाऱ्याचे दायित्व

ज्या गोष्टीचे दुःख व्हावयास हवे तिला हसणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरते काय? काळ्या विनोदाच्या संदर्भात हा प्रश्न नेहमी लेखकाला विचारला जातो. मृत्यू, व्यंग, अत्याचार यांची थट्टा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असे त्याचे स्वरूप असते. परंतु विनोद पूर्ण होतो तो प्रेक्षकाच्या हसण्यात, आणि हसणे हा एक होकार असतो. त्यामुळे मूळ प्रश्न लेखकाच्या अधिकाराचा नसून हसणाऱ्याच्या दायित्वाचा आहे. डेनिस पॉटरचे 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' आणि सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' या दोन नाटकांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी करता येईल.

पॉटरचे नाटक मुळात दूरचित्रवाणीसाठी लिहिले गेले. १९७६ मध्ये बीबीसीने ते चित्रित केले आणि प्रक्षेपणापूर्वीच रोखून धरले. १९७७ मध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये त्याचे रंगमंचीय रूप सादर झाले, १९८२ मध्ये चित्रपट निघाला आणि मूळ चित्रण प्रेक्षकांच्या घरी पोहोचले ते थेट १९८७ मध्ये. गंधक आणि काकवी यांचे मिश्रण हे इंग्लंडमध्ये एके काळी मुलांना पाजले जाणारे घरगुती औषध होते. गंधकाचे नाते नरकाशीही आहे. औषध आणि नरक यांची ही जवळीक हेच नाटकाचे आशयसूत्र म्हणावे लागेल.

बेट्स दांपत्याची मुलगी पॅटी अपघातानंतर विकल होऊन अंथरुणाला खिळलेली आहे. आईची प्रार्थनेवर श्रद्धा आहे. बापाची कशावरच नाही. मार्टिन नावाचा तरुण पॅटीचा जुना स्नेही म्हणून घरात शिरतो. तो सैतान आहे असे मानण्यास संहितेत पुरेसा आधार आहे. मात्र हा सैतान कोणाला मोहात पाडत नाही. तो केवळ होकार देतो. आईबरोबर प्रार्थना करतो, स्वयंपाकघरात राबतो. बाप स्थलांतरितांच्या विरोधात बोलू लागतो तेव्हा मार्टिन त्याचे विचार उत्साहाने उचलून त्यांच्या तार्किक शेवटापर्यंत, छळछावण्यांपर्यंत, नेऊन पोहोचवतो. तेथे बाप बिचकतो. त्याला फक्त आपले जुने इंग्लंड परत हवे असते. या प्रसंगातील हसू विलक्षण अस्वस्थ करणारे आहे, कारण आपली अर्धवट मते कोणी पूर्ण करू नयेत ही बापाची इच्छा आपल्यालाही परकी नसते.

यानंतरचा प्रसंग मात्र हसू थिजवणारा आहे. मार्टिन पॅटीवर अत्याचार करतो आणि त्या आघाताने तिची वाचा व स्मृती परत येते. जे तिला आठवते त्यात बापाच्या व्यभिचाराचे आणि म्हणून अपघातामागच्या कारणाचे सत्य दडलेले आहे. दुष्कृत्यातून सुफळ निघाले तर ते दुष्कृत्य राहते की नाही, हा प्रश्न नाटक विचारते असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते नाटकाचे दौर्बल्य नेमके येथे आहे. पॅटीचा देह हा येथे एका सिद्धान्ताचा पुरावा ठरतो. तिला बोलते केले जाते, पण बोलल्यानंतरचे जगणे तिला दिले जात नाही. ज्याच्यावर प्रयोग झाला त्याला निष्कर्षात स्थान नसेल, तर त्या निष्कर्षाला नैतिक म्हणणे अवघड आहे. होकाराच्या प्रसंगांत पॉटर प्रेक्षकाला जबाबदार धरतो. अत्याचाराच्या प्रसंगात तो ती जबाबदारी चमत्काराच्या स्वाधीन करतो.

घराघरांत न पोहोचलेले हे नाटक नाट्यगृहात चालले, हा योगायोग मानता येत नाही. परका माणूस घरात शिरतो ही नाटकाची कथा, आणि दूरचित्रवाणी हीदेखील घरात शिरलेली परकी व्यक्तीच. शिवाय घरातला प्रेक्षक एकटा हसतो आणि नकोसे झाले की संच बंद करतो. नाट्यगृहात आपले हसू आपल्याला ऐकू येते, इतरांनाही ऐकू जाते. तेथे हसणे ही सार्वजनिक कृती असते. आपल्याकडे नियंत्रणाची यंत्रणा रंगभूमीवरच अधिक कठोर राहिली. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'ला न्यायालयाची पायरी चढावी लागली, ती या सार्वजनिकतेच्या भयामुळेच असे म्हणता येईल.

१९७४ मध्ये पुण्यात थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणलेल्या 'महानिर्वाण'ने ही सार्वजनिकता रचनेतच सामावून घेतली. कीर्तनकार भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणावर स्वतःच कीर्तन करतात. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे हा त्यांचा हट्ट. ते स्मशान बंद होत आहे आणि विद्युतदाहिनी आली आहे. मुलगा नाना देह घेऊन अडकतो. पत्नी रमेला खांदेकऱ्यांतल्या 'डावीकडून तिसऱ्या' पुरुषाची ओढ लागते. चाळकरी एका सुरात येतात, एका सुरात हळहळतात.

आळेकरांनी कीर्तन हा घाट निवडला याचे मोल मराठवाड्यात राहून अधिक जाणवते. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींचे मंदिर आहे, आषाढी एकादशीला तेथे यात्रा भरते. समर्थ रामदासांचे जांब याच जिल्ह्यात आहे. या परिसराला कीर्तन हा अभ्यासविषय नसून ऐकण्याची सवय आहे. कीर्तनकार नामाचा गजर मागतो आणि श्रोता तो देतो. पूर्वरंगातील सिद्धान्त उत्तररंगातील आख्यानाने पटवला जातो आणि श्रोत्यांचा गजर त्यावर जणू संमतीची मुद्रा उमटवतो. 'महानिर्वाण'मध्ये हीच संमती आपल्याकडून हसण्याच्या रूपाने घेतली जाते. ती दिल्यावर ध्यानात येते की आपण श्रोते नसून चाळकरी आहोत. मेलेल्याभोवती जमून, रीत पार पाडून, आपापल्या खोलीत परतणारी माणसे आपणच.

विधवेच्या वासनेला हसणे हे तिच्या दुःखाची विटंबना नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही. परंतु रमेची ओढ ही कोणत्याही सिद्धान्ताचा पुरावा म्हणून वापरलेली नाही. पतीचा देह घरात असताना तिचे जगणे चालूच राहते, आणि आपण हसतो ते या चालू राहण्याला. शोकाची ठरलेली भाषा तिच्यावर लादणारे चाळकरी अधिक हास्यास्पद ठरतात. पॅटीला जे नाकारले गेले ते, म्हणजे घटनेनंतरचे आयुष्य, रमेला मिळते.

यावरून एक निकष हाती लागतो. काळा विनोद कोणाला हसतो यावरून त्याची नैतिकता ठरत नाही. मृत्यू काय नि व्यंग काय, कोणताही विषय त्याला वर्ज्य मानण्याचे कारण नाही. हसणाऱ्याला तो सुरक्षित बाहेरची जागा देतो की नाही, आणि ज्याच्या दुःखावर तो उभा राहतो त्याला हसू ओसरल्यानंतर जगायला जागा ठेवतो की नाही, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. पॉटर पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यात अडखळतो. आळेकर दोन्हींत टिकतात. मात्र त्यांच्या नाटकात दुष्टतेची ती भीषण कसोटीच नाही, हेही मान्य केले पाहिजे. रीतीभातींचा पोकळपणा उघडा करणारे हसू आपण मराठीत कमावले आहे. आपल्या द्वेषाला शेवटपर्यंत होकार देऊन आपल्यालाच बिचकायला लावणाऱ्या हसण्याची कसोटी मराठी नाटकाने अजून फारशी पत्करलेली दिसत नाही.