पाण्याचा कज्जा आणि शेजारधर्म

माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माळावर उन्हाळ्यांत एक दृश्य वारंवार दिसतें: बापजाद्यांच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला, आणि हांकेच्या अंतरावर नव्या कूपनलिकेचें पाणी द्राक्षांच्या वेलींस चाललेलें. दोघे धनी बहुधा एकाच भावकींतले. एकानें दुसऱ्याची कवडीही उचललेली नाहीं. तरी एकाचें पाणी गेलें. हा अन्याय म्हणावा काय? आणि म्हटला, तर त्याची दाद न्यायालयांत मागावी काय?

जुना कायदा पहिल्याच प्रश्नापाशीं थांबतो. १८४३ सालीं इंग्लंडांत खाणीच्या खोदाईनें शेजाऱ्याची विहीर आटली, तेव्हां न्यायाधीशांनीं दाद दिली नाहीं. भूगर्भांतील वाटा कोणास दिसत नाहींत, हें त्यांचें एक कारण. आमच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेंही निश्चित प्रवाह नसलेलें जमिनीखालचें पाणी मालकाच्या हवालीं केलें. आज त्या वाटा इतक्या अज्ञात नाहींत. आमच्याकडील काळा पाषाण पाणी धरतो तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत. तो सांठा संपवून खोल जावें, तर तेथील पाणी थोडें, आणि खडकाच्या दीर्घ सहवासानें बहुधा अधिक क्षारयुक्त. अतिउपसा करणाऱ्यानें शेजाऱ्याची घागर अर्धी केली आणि उरलेल्या अर्धींत क्षार घातले, असा हा हिशेब होतो.

महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत विनापरवाना विहीर खणण्यास बंदी केली. २००९ च्या कायद्यानें अधिसूचित क्षेत्रांतील ६० मीटर वा अधिक खोल विहिरींवर रोख धरला. पिकाआधीं तहान, हा न्याय आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

पण फिर्याद करावी कोणीं? केरळांत प्लाचिमाडा येथें शीतपेयाच्या कारखान्याविरुद्ध गांव उठलें. प्रतिवादी परका असला कीं धैर्य सोपें जातें. येथें प्रतिवादी चुलतभाऊ. त्याच्या बागेवर कर्ज, आणि मुलीचें लग्न त्याच घडांच्या भरंवशावर ठरलेलें. शिवाय तीं द्राक्षें हौसेनें विकत घेणाऱ्या आम्हां शहरवासीयांनीं कोणत्या तोंडानें त्यास लोभी म्हणावें?

तरीही आमचें मत फिर्यादीच्या बाजूचें आहे. भावकीचा मुलाहिजा राखण्याची किंमत विहिरीचा धनी एकटा भरीत नाहीं. लांबून हंडा वाहणारी त्याची सून भरते, आणि ज्याला विहीरच नाहीं तो मजूरही भरतो. त्या दोघांस कोणी विचारलेलें नसतें. पुरंदर तालुक्यांत नायगांवीं विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर उभारलेल्या पाणी पंचायतीनें पाणी जमिनीच्या मापानें न वांटतां घरांतील माणसें मोजून वांटलें, आणि ऊंस वर्ज्य केला. असा करार गांवांत होत असेल, तर न्यायालयाची पायरी चढण्याचें कारण नाहीं. होत नसेल, तर चुलतभावावर समन्स जावें. मात्र उभी बाग निघेपर्यंत त्यास मुदत असावी, आणि फिर्याद ग्रामपंचायतीच्या नांवें असावी.