विकत घेतले, पण कोणाचे झाले?

सावंतवाडीच्या गंजिफांचा संच घरात आला की पाने झिजतील, रंग उडतील. परंतु विक्रेता दाराशी येऊन तो परत मागणार नाही, ही खात्री ‘विकत घेणे’ या शब्दातच अध्याहृत असते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमने ती डळमळीत केली. २०१४ साली विक्रीस आलेला हा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्या कपाटात तबकडी होती त्यांच्या हाती केवळ तबकडीच उरली.

सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, हे खरे. नाटकाचे तिकीट काढणारा काही रंगमंदिराचा धनी होत नाही, हेही मान्य. पण तिकिटावर प्रयोगाची वेळ छापलेली असते! येथे दिली ती अनुज्ञा, आणि तिला नाव मात्र विक्रीचे. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा केला तो या शब्दच्छलापुरता: अनुज्ञा विकावयाची, तर ती अनुज्ञाच आहे असे स्पष्ट सांगा. युरोपातील नागरिकांची मागणी याहून पुढची. सेवा थांबविताना खेळ खेळण्याजोगा ठेवून जा, असे म्हणणाऱ्या त्यांच्या अर्जावर २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. मला हीच मागणी अधिक न्याय्य वाटते; कारण शब्द प्रामाणिक केल्याने ग्राहक फसत नाही, पण खेळ नाहीसा व्हावयाचा तो होतोच. आणि ते अपरिहार्य होते असेही नव्हे. ‘द क्रू’मधील ती चिमुकली अमेरिका २०२५ मध्ये पुन्हा खुली झाली, ती हौशी खेळाडूंनी स्वतः रचलेल्या सर्व्हरवर.